तळ्याकाठची वाट : कोलकात्याच्या उद्यानांकडून लहान शहरांनी काय घ्यावे?

नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात 'उद्याने व क्रीडांगणे' हे शीर्षक बहुधा शेवटच्या पानांवर असते. रस्ते, पाणीपुरवठा, गटारे, पथदिवे यांची तरतूद झाल्यावर जे उरते त्यातून एक कारंजे, चार घसरगुंड्या आणि प्रवेशद्वारावरील कमान उभी राहते. उद्घाटनाचा फलक लागतो आणि दोन पावसाळ्यांनंतर कारंजे कोरडे पडते. हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या गावी आहे. उद्यान ही शोभेची वस्तू नसून ती शहराच्या रचनेचा एक अवयव आहे, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर एखाद्या जुन्या आणि गर्दीच्या महानगराकडे पाहणे उपयोगी ठरते. त्या दृष्टीने कोलकात्याचे उदाहरण फार बोलके आहे.

या शहरातील जुन्या सार्वजनिक चौकांचा पैसा कोठून आला, हे अर्थव्यवहारात रस असणाऱ्या वाचकांना गमतीचे वाटेल. १८१७ साली तेथे 'लॉटरी समिती' स्थापन झाली. सोडतीची तिकिटे विकून आलेल्या नफ्यातून रस्ते आखले गेले, तळी खोदली गेली आणि त्यांभोवती चौरस उद्याने निर्माण झाली. आज विद्यार्थ्यांनी आणि पुस्तकांच्या दुकानांनी गजबजलेला कॉलेज स्क्वेअर त्यांपैकीच एक. सोडतीवर शहर सुधारणे नीतीला धरून नाही, अशी टीका इंग्लंडमध्ये वाढल्याने १८३६ मध्ये समितीचे काम थांबले. नीतीचा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक चौकाच्या मध्यभागी तळे होते आणि ते केवळ सौंदर्यासाठी नव्हते. त्यातून वस्तीला पाणी मिळे, आणि खोदलेल्या मातीने भोवतालची सखल जमीन उंच करता येई.

मराठी माणसाने कोलकात्यात आवर्जून चालून पाहावी अशी आणखी एक वाट आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये उतरल्या, तेव्हा त्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणण्यास प्रारंभ झाला. तो पुरा झाला नाही आणि मराठे तेथवर पोहोचलेही नाहीत. पुढे १७९९ मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. आज आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या नावांनी ओळखले जाणारे रस्ते ते हेच. भीतीपोटी खणलेल्या चराचा राजरस्ता झाला!

प्रसिद्ध मैदानाचा जन्मही लष्करी गरजेतून झाला. प्लासीच्या लढाईनंतर नवा फोर्ट विल्यम बांधताना तोफांच्या माऱ्यासाठी समोरचे जंगल साफ करण्यात आले. बंगाली माणूस त्याला 'गोडेर माठ', म्हणजे गडाचे मैदान म्हणतो. (आपला पाण्याचा माठ येथे मनात आणू नये.) ही जमीन आजही सैन्याच्या ताब्यात आहे आणि ती मोकळी राहण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

नियोजनाचा खरा धडा मात्र दक्षिण कोलकात्यात मिळतो. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात उतरणाऱ्या पाहुण्याने जतीन दास पार्क स्थानकावरून मेट्रो पकडली, की दक्षिणेकडील दुसरे स्थानक रवींद्र सरोवर. १९२० च्या दशकात कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने येथील सुमारे १९२ एकर दलदलीची, झाडोऱ्याची जमीन संपादित केली. उद्देश तळे बांधण्याचा नव्हता, घरबांधणीचा होता. सखल जमीन उंच करण्यासाठी माती हवी होती. माती काढल्यावर जो खड्डा राहिला त्यालाच विचारपूर्वक सरोवराचे रूप देण्यात आले. प्रारंभी ढाकुरिया लेक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयास १९५८ मध्ये रवींद्रनाथांचे नाव मिळाले. सुमारे ७३ एकर पाणी, त्यात लहान बेटे, एका बेटावर सरोवराहूनही जुनी मशीद, काठावर जपानी बौद्ध भिक्षूंनी उभारलेले मंदिर, नौकानयनाचे क्लब आणि भोवती दाट वृक्षराजी. पहाटे येथे निवृत्तिवेतनधारक फिरावयास येतात, तरुण धावतात आणि हिवाळ्यात पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन उभे राहतात.

एकाच जागेवर इतक्या लोकांचा हक्क असला, की संघर्ष अटळ असतो. छठपूजेच्या वेळी बिहार व उत्तर प्रदेशातून येऊन स्थायिक झालेली हजारो कुटुंबे सरोवरावर अर्घ्य देण्यास येत. तेल, फुले, निर्माल्य पाण्यात जाई, ढोल आणि फटाक्यांनी पक्षी बिथरत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये येथील पूजेस मनाई केली. मनाई कागदावरच राहिली. २०१८ मध्ये पूजा झाली, २०१९ मध्ये तर जमावाने प्रवेशद्वारांची कुलुपे तोडली. २०२० मध्ये सवलत देण्यास न्यायाधिकरणाने नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशास स्थगिती दिली नाही. तेव्हा द्वारे बंद करून पोलीस उभे करण्यात आले आणि अन्यत्र घाटांची व कृत्रिम कुंडांची सोय झाली. त्या वर्षी सरोवर शांत राहिले.

या प्रकरणात भाविकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. सूर्याला अर्घ्य देण्यासाठी वाहते वा साचलेले पाणी लागते, आणि ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर लागते. ही गरज दरवर्षी ठरल्या तिथीला येते. तिच्यासाठी पर्यायी घाट आधी आणि मनाई नंतर, असा क्रम असता तर कुलुपे तोडण्याचा प्रसंग टळला असता, असे आमचे मत आहे.

महाराष्ट्रास हा प्रश्न परका नाही. ज्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रवींद्र सरोवराचा समावेश झाला, तिच्यातच कोल्हापूरचा रंकाळा, सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव आणि भिवंडीचा वऱ्हाळदेवी तलावही होते. गणेश विसर्जनाचा भार रंकाळ्यावर पडू नये म्हणून कोल्हापुरात जवळच्या इराणी खणीत विसर्जनाची व्यवस्था करण्यात येते. दगड काढून उरलेली खण उपयोगी पडली, जसे माती काढून उरलेल्या खड्ड्याचे सरोवर झाले. लहान शहराच्या सुधारणा आराखड्यात अशा पडीक खणी, जुन्या विहिरी, ओढ्यांचे काठ यांची नोंद सर्वप्रथम व्हावयास हवी. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू करणारे आणि त्याच सुमारास कलकत्त्याच्या बडाबाजारविषयी अहवाल लिहिणारे पॅट्रिक गेडिस हेच सांगत. आधी गाव पायी पाहावे आणि मगच नकाशावर रेघ ओढावी, ही त्यांची पद्धत होती.

सुरक्षिततेचा विचार तर बहुतेक आराखड्यांत नसतोच. मे २०२२ मध्ये सरोवरात नौकानयनाचा सराव चालू असता अकस्मात कालबैशाखीचे वादळ उठले आणि दोन शाळकरी मुले बुडून मरण पावली. त्यानंतर काही काळ नौकानयन बंद ठेवण्यात आले आणि बचाव नौकांसह सुरक्षेचे नियम ठरविण्यात आले. तलावात बोटिंग सुरू करण्याची घोषणा करणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने हा प्रसंग आधी वाचावा.

शहराच्या पूर्वेस सॉल्ट लेक, म्हणजे विधाननगर आहे. डॉ. विधानचंद्र रॉय यांच्या काळात, १९६२ मध्ये, हुगळीतील गाळ नळांवाटे आणून खाऱ्या पाणथळीवर भराव घालण्याचे काम सुरू झाले आणि युगोस्लाव वास्तुविशारद दोब्रिवोये तोश्कोविच यांच्या आराखड्यानुसार हे उपनगर वसले. मध्यभागी सेंट्रल पार्क आणि वस्तीच्या ब्लॉक-ब्लॉकमध्ये छोटी उद्याने, अशी ही मांडणी. मुलाला रस्ता न ओलांडता खेळावयास जाता येणे यातच खरी सोय आहे, भव्य उद्यान दुय्यम. जुन्या पाणथळींचा मोठा भाग पूर्वेस टिकून आहे. २००२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि १२,५०० हेक्टरांचा तो परिसर आजही शहराचे सांडपाणी शुद्ध करीत मासे पिकवतो. पलीकडे न्यू टाऊनमध्ये २०१२ च्या डिसेंबरात सुमारे ४८० एकरांचे इको पार्क खुले झाले. ते देखणे आहे, परंतु तेथे मनुष्य सहलीला जातो. रोज पहाटे चालावयास लागते ती घराजवळची वाट.

सेंट्रल पार्कलाही वाद चुकला नाही. १९७६ मध्ये सुरू झालेला कोलकात्याचा पुस्तक मेळा अनेक वर्षे मैदानावर भरे. गर्दी आणि धुळीने मैदानाची हानी होते, या मुद्द्यावर २००७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याला तेथून हलावे लागले. पुढे निरनिराळ्या जागा फिरून २०१८ पासून तो सेंट्रल पार्कच्या आवारात भरू लागला, आणि त्या प्रांगणास आता 'बोईमेला प्रांगण' असे नाव आहे. पुस्तकप्रेमींनी हळहळावे आणि गवताने सुटकेचा श्वास घ्यावा, असा तो निकाल होता!

आता पैशाचा प्रश्न. उद्यान उभारणे हा भांडवली खर्च. त्यासाठी अनुदान मिळते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'अमृत' योजनेत ५०० शहरांच्या आराखड्यांत उद्यानांसाठी कमाल अडीच टक्के निधीची सोय होती. देखभाल मात्र स्थानिक संस्थेने, लोकसहभागातून, स्वबळावर करावी अशी अट होती. माळ्याचे वेतन, पंपाचे वीजबिल, दिव्यांची दुरुस्ती, गाळ काढणे हा सारा महसुली खर्च असून तो कधीच संपत नाही. कारंजे कोरडे पडते ते येथे. उद्यानाच्या प्रस्तावाला पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा ताळेबंद जोडलेला नसेल, तर आमच्या मते तो प्रस्ताव अपुरा समजावा.

जमिनीची बाबही निकडीची आहे. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षण टाकता येते, परंतु दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर दोन वर्षांत पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. अनेक गावांतील हिरवे ठिपके नकाशावरून अशा रीतीने पुसले गेले आहेत. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी मुदत असते आणि नकाशा पालिकेच्या कार्यालयात पाहावयास ठेवलेला असतो. आपल्या प्रभागातील हिरव्या ठिपक्याचा सर्व्हे क्रमांक आणि आरक्षणाची तारीख तेव्हाच टिपून ठेवता येते.