चानकी

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत भाकरी करताना एक लहानशी गोष्ट नेहमी घडत आलेली आहे. आई भाकरी थापीत असते आणि तीन-चार वर्षांचे मूल परातीच्या काठाला धरून बसलेले असते. पिठात हात घालण्याचा त्याचा हट्ट चाललेला असतो. शेवटी परातीत उरलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा त्याच्या हाती दिला जातो. तो थापताना वाकडा होतो, कडेला चिरतो, क्वचित मळून काळाही होतो. तरीही तो मोठ्या भाकरीशेजारी तव्याच्या कडेला भाजला जातो आणि सर्वांच्या आधी त्या मुलाच्या ताटलीत पडतो. ह्या चिमुकल्या भाकरीला चानकी म्हणतात. एरवी भाकरीकडे ढुंकूनही न पाहणारे मूल स्वतःची चानकी मात्र कोरडीच खाऊन टाकते, हा अनुभव कोणत्याही आईला नवा नाही.

चानकी ही मुलाची समजूत घालण्याची एक तोड आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु घरच्या भाकरीची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती बहुधा ह्याच वाटेने. पाककृतीच्या पुस्तकात ‘पीठ बेताचे सैल भिजवावे’ असे लिहिलेले असते. पण बेताचे म्हणजे किती, हे पुस्तकाला सांगता येत नाही. पीठ दर वेळी सारखेच पाणी पीत नाही. धान्य नवे की जुने, दळण जाडसर की बारीक, हवा कोरडी की पावसाळी, ह्यांवर ते अवलंबून असते. हा बेत फक्त बोटांना कळतो, आणि बोटांना तो कळावयाचा तर त्यांना पीठ लागले पाहिजे.

भारतासारख्या विस्तीर्ण देशात ही विद्या एकच एक नाही. ज्या भागात जे धान्य पिकले, त्याची भाकरी तेथे झाली. आणि प्रत्येक धान्याचा स्वभाव निराळा असल्यामुळे प्रत्येक ठिकाणच्या हातांनी निराळी युक्ती शोधून काढली. ह्या युक्त्यांमागील कारणे समजून घेतली, तर परप्रांतातील भाकरीही आपल्या स्वयंपाकघरात करणे अवघड राहत नाही.

प्रथम गव्हाकडे पाहू. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. पिठात पाणी घालून ते मळू लागले, की ही प्रथिने एकमेकांत गुंतून त्यांचे एक लवचीक जाळे तयार होते. त्यास ग्लूटेन म्हणतात. कणीक ताणली असता तुटत नाही ती ह्या जाळ्यामुळे. कणीक चांगली तिंबून अर्धा तास झाकून ठेवावी, असे जुन्या बायका सांगत, त्याचे कारणही हेच आहे. तेवढ्या वेळात पिठाच्या कणाकणात पाणी मुरते, ताणलेले जाळे सैलावते, आणि पोळी लाटताना आखडत नाही. पुढे पातळ लाटलेला फुलका तापलेल्या तव्यावर पडला, की त्याच्या दोन्ही बाजूंवर पापुद्रा धरतो आणि आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळ पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा मागते. ती जागा तिला दोन पापुद्र्यांच्या मध्ये मिळते आणि फुलका टम्म फुगतो. कड एखाद्या ठिकाणी जाड राहिली किंवा लाटताना भोक पडले, तर वाफ निसटते आणि फुलका चपटाच राहतो. आठ-दहा वर्षांच्या मुलास हे एकदा दाखवावे. पुढच्या वेळी ते कड आपोआप सारखी लाटू लागते.

ज्वारी, बाजरी, मका आणि तांदूळ ह्यांचे पीठ असे वागत नाही. गव्हासारखे लवचीक जाळे त्यांत तयार होत नाही; म्हणून ज्वारीचे पीठ गार पाण्यात भिजवून लाटू पाहणाऱ्याच्या हाती केवळ तुकडे येतात. ह्यावर तोड निघाली ती उकळत्या पाण्याची. धान्यातील पिष्ट कढत पाण्यात फुगते व चिकट होते, आणि जे काम गव्हात प्रथिने करतात ते येथे पिष्टाकडून करून घेता येते. एक वाटी ज्वारीच्या पिठास सुमारे पाऊण वाटी उकळते पाणी हळूहळू घालून, चमच्याने कालवून, झाकून ठेवावे. हात लावण्याजोगे झाले म्हणजे तळहाताच्या टाचेने रगडून मळावे. उंडा गुळगुळीत झाला की परातीत थोडे कोरडे पीठ पसरून थापावे. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर ठेवतात आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवितात. त्या पाण्याने वरचे कोरडे पीठ ओले होऊन उष्णतेने चिकटते, बारीक चिरा बुजतात, आणि भाकरी पुढे विस्तवावर फुगण्यास तयार होते. पाणी पुरते सुकण्यापूर्वी भाकरी उलटावयाची, हे ध्यानात ठेवले म्हणजे निम्मे काम झाले.

दळण फार दिवसांचे असेल, तर पीठ विरी गेले असे म्हणतात. मग कितीही मळले तरी ते धरत नाही. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्यामुळे ते काही दिवसांतच कडवट होते. म्हणून ही पिठे थोडी थोडी दळून आणावी, हा जुना शिरस्ता केवळ काटकसरीचा नव्हता.

उकळत्या पाण्याची ही युक्ती महाराष्ट्रापुरती नाही. उत्तर कर्नाटकातील ज्वारीची रोटी तिच्यावरच उभी आहे. केरळात मलबारकडे मुसलमान घरांतून पत्तिरी नावाची तांदळाची पांढरीशुभ्र, पातळ रोटी होते. तिचे पीठही मीठ घातलेल्या आधणात शिजवून, गरम असतानाच मळतात. पंजाबात हिवाळ्यात सरसोंच्या भाजीबरोबर मक्याची रोटी खातात. मका हे मूळचे अमेरिकेतील धान्य. कोलंबसाच्या सफरींनंतर ते जगभर पसरले आणि यथाकाल पंजाबच्या घराघरांत रुळले. त्याची रोटी पंजाबी गृहिणी गरम पाण्यात मळून दोन तळहातांमध्ये थापते. मका अमेरिकेतून आला, पण त्याला ज्वारी-बाजरीच्या देशातील युक्तीच लागू पडली. आणि कोकणात गणेशचतुर्थीला उकडीचे मोदक होतात, त्यांतील उकड म्हणजे तरी दुसरे काय आहे? उकळत्या पाण्यात किंचित मीठ व तूप घालून त्यात तांदळाची पिठी वैरावयाची, झाकण ठेवून वाफ आणावयाची, आणि गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळावयाची. मोदकाच्या कळ्या पाडण्यास लहान बोटे फार उपयोगी पडतात. पहिल्या वर्षी पाच कळ्या पडतात, पुढे त्यांच्या अकरा होतात, आणि घरातील मोठी माणसे त्या कळ्या मोजतात.

तिसरी युक्ती विस्तवाची. विदर्भातील रोडगे, राजस्थानातील बाटी, माळव्यातील बाफले आणि बिहारमधील लिट्टी ही एकाच कुळातील भावंडे होत. गव्हाच्या जाडसर पिठात तुपाचे मोहन घालून ते घट्ट भिजवावयाचे, मुठीएवढे गोळे करावयाचे, आणि गोवऱ्यांच्या आरावर ते सावकाश भाजावयाचे. मोहनामुळे ग्लूटेनचे जाळे अखंड होत नाही, म्हणून आतला भाग खुसखुशीत राहतो. बाफला भाजण्यापूर्वी पाण्यात उकडून घेतात, त्यामुळे तो अधिक मऊ होतो. लिट्टीत भाजलेल्या हरभऱ्यांचे सातू भरतात. त्यात लसूण, हिरवी मिरची, ओवा, कलौंजी, लिंबू आणि मोहरीचे तेल असते, आणि तोंडी लावण्यास विस्तवात भाजलेल्या वांग्याचा चोखा. ह्या पदार्थांना तवा-पोळपाट लागत नाही. शेतात किंवा प्रवासात चार माणसे जमली, की त्यांतील पुरुषही गोवऱ्या रचतात, गोळे वळतात आणि राख झटकतात. स्वयंपाक हे एकट्या बाईचे काम, ही समजूत निदान आराजवळ तरी टिकत नाही. शहरातील घरात गोवऱ्या नसतात, हे खरे. पण भट्टीच्या पेटीत मंद आचेवर हेच गोळे चांगले भाजले जातात.

ह्या तिसऱ्या कुळातूनच मुलांचा आवडता खाऊ निघतो. भाजलेली बाटी गरम असताना कुटून तीत तूप व गूळ किंवा पिठीसाखर मिसळली, की राजस्थानचा चुरमा झाला. महाराष्ट्रात तेच भाकरीचे करतात आणि त्याला मलिदा म्हणतात. ज्या घरात ह्यांतले काहीच नसेल, तेथे रात्रीच्या उरलेल्या पोळ्या तर असतातच. चार पोळ्या हाताने अगदी बारीक कुस्कराव्या, त्यांत अर्धी वाटी चिरलेला गूळ आणि दोन चमचे पातळ तूप घालून मळावे आणि लाडू वळावे. कुस्करण्याचे काम मुलांचे, गूळ चिरण्याचे मोठ्यांचे, आणि वळण्याचे सर्वांचे. ह्याला विस्तव लागत नाही, पैसा लागत नाही, आणि शिळे अन्न वाया जात नाही.

जानेवारीच्या मध्यावर येणाऱ्या संक्रांतीला ह्या सर्व युक्त्या देशात एकाच वेळी कामाला लागतात. महाराष्ट्रात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते आणि दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी. बंगालात त्याच सुमारास तांदळाची नाना प्रकारची पिठे करतात. आसामात माघ बिहू असतो आणि घरोघर तीळपिठा होतो. त्यासाठी बोरा नावाचा चिकट जातीचा तांदूळ भिजवून, निथळून, कुटतात. ते ओलसर पीठ कोरडेच तापलेल्या तव्यावर पातळ पसरतात. तांदळाच्या अंगच्या चिकटपणामुळे ते पाण्यावाचूनच धरते. मग त्यावर तीळगुळाचे सारण ठेवून चटकन गुंडाळी करतात. शेकडो मैलांच्या अंतरावर, एकमेकांची भाषा न जाणणारी दोन घरे एकाच सुमारास तीळ आणि गूळ घेऊन बसतात. एक ते गव्हाच्या पोळीत भरते, दुसरे तांदळाच्या पापुद्र्यात. दिल्ली, इंदूर, बडोदे किंवा गुवाहाटी येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाने गुळाची पोळी शेजारी द्यावी आणि शेजारचा पदार्थ करावयास शिकावे, ह्याहून सोपा देशपरिचय दुसरा नाही.

हे सर्व आवर्जून सांगण्याचे कारण असे, की ही विद्या लिहून ठेवल्याने टिकत नाही आणि तिला खंड पडावयास एक पिढी पुरते. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गव्हाचे उत्पादन झपाट्याने वाढले. देशाची अन्नाची विवंचना त्यामुळे हलकी झाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण गहू स्वस्त व सुलभ होताच ज्वारी-बाजरी पुष्कळ घरांतून मागे हटली, आणि ज्या घरातून धान्य गेले त्या घरातील हातांतून थापण्याची कला गेली. पुढे भारताने 2018 हे भरड धान्यांचे राष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरविले. दुकानांतून ज्वारी आता पुन्हा मानाने विकली जाते. परंतु धान्य बाजारातून परत आणता येते, तसा हात आणता येत नाही. ज्या आजीला भाकरी थापता येते, तिची सून नोकरीवर जाते, नातू शाळेत जातो. आजीच्या मागे परात फळीवर चढते आणि पुन्हा खाली येत नाही. ह्यात दोष कोणाचाच नाही. वेळ थोडा असतो, आणि तयार पोळी कोपऱ्यावर मिळते.

उपाय मात्र फारसा कष्टाचा नाही. आठवड्यातून एक दिवस, सुट्टीच्या सकाळी, परात खाली काढावी. आजी घरात असेल तर तिने करून दाखवावे. नसेल तर वडिलांनी आणि मुलांनी मिळून चुकत चुकत शिकावे. पहिली भाकरी फाटेल, दुसरी जाड होईल, तिसरी कदाचित एका बाजूने फुगेल. फाटलेल्या भाकरीचा मलिदा होतो, म्हणून त्यात नुकसान काही नाही. आणि शेवटी परातीत थोडे पीठ उरेल, तेव्हा ते धुऊन टाकू नये. घरातील सर्वांत लहान मुलाच्या हाती तो गोळा द्यावा. ते थापील तशी वाकडी चानकी भाजून त्याच्या ताटलीत वाढावी, आणि तीवर तुपाचा एक थेंब सोडावा.