शस्त्रांचा सराव आणि सुरक्षिततेची शिस्त

पोलिसांच्या हाती शस्त्र दिले जाते ते नागरिकांच्या रक्षणासाठी. प्रसंगी ते नेमकेपणाने वापरता यावे आणि एरवी वापरण्याची वेळच येऊ नये, हा प्रशिक्षणाचा हेतू असतो. परंतु खुद्द प्रशिक्षणाच्या वेळीच गोळी सुटून माणसे दगावल्याच्या वा जबर जखमी झाल्याच्या घटना साधनसंपन्न पोलीस दलांतही घडल्या आहेत. अमेरिकेतील अशा तीन घटना लक्षपूर्वक अभ्यासण्यासारख्या आहेत. कारण त्यांपैकी एकाही घटनेत शस्त्र बिघडलेले नव्हते. बिघडली होती ती व्यवस्था.

नागरिकांसमोरील प्रात्यक्षिक

पुंटा गोर्डा हे फ्लॉरिडा राज्यातील किनाऱ्यालगतचे छोटे शहर आहे. पोलिसांच्या कामाची नागरिकांना ओळख व्हावी, या हेतूने ९ ऑगस्ट २०१६ रोजी तेथे एक कार्यक्रम योजण्यात आला होता. सुमारे ३५ नागरिक उपस्थित होते. गोळी झाडावी की झाडू नये, याचा निर्णय पोलिसाला क्षणार्धात कसा घ्यावा लागतो, हे दाखविण्यासाठी त्यांच्यातील ७३ वर्षांच्या एका निवृत्त ग्रंथपाल महिलेला पुढे बोलाविण्यात आले. त्यांनी पोलिसाची भूमिका करावयाची आणि एका पोलीस अधिकाऱ्याने गुन्हेगाराची, असे ठरले. अधिकाऱ्याच्या हातात खरेखुरे रिव्हॉल्व्हर होते. त्यात ब्लँक, म्हणजे बिनगोळीची काडतुसे आहेत, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ती जिवंत काडतुसे निघाली आणि पतीच्या देखत त्या महिलेचा मृत्यू ओढवला.

ही गफलत कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये ‘वॉडकटर’ जातीची काडतुसे होती. लक्ष्याच्या कागदाला स्वच्छ गोल छिद्र पडावे, म्हणून नेमबाजीच्या सरावात ती वापरली जातात. त्यांतील शिशाची गोळी सपाट तोंडाची असून काडतुसाच्या कडेशी समपातळीत बसविलेली असते. नेहमीच्या काडतुसाप्रमाणे गोळीचे टोक बाहेर दिसत नाही. त्यामुळे ओझरत्या नजरेला ती ब्लँकसारखी भासतात. जाणकाराने एकेक काडतूस हाती घेऊन पाहिले असते, तर फरक तत्काळ ध्यानात आला असता.

शहराने मृत महिलेच्या कुटुंबास २० लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. पोलीस प्रमुखांवर हलगर्जीपणाचा खटला झाला. २०१७ साली ते निर्दोष सुटले. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याला २०१९ साली १० वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली.

दोन पिस्तुले, एक हात

दुसरी घटना फेब्रुवारी २०१३ मधील आहे. मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहराजवळील एका बंद पडलेल्या संस्थेच्या इमारतीत पोलिसांचा सराव चालू होता. प्रशिक्षकाजवळ रंगाच्या गोळ्या झाडणारे सरावाचे पिस्तूल होते आणि त्याबरोबरच त्याचे नेहमीचे भरलेले पिस्तूलही होते. दोन्ही दिसण्यास सारखीच. चुकीचे पिस्तूल हाती आले आणि विद्यापीठाच्या पोलीस दलातील एका प्रशिक्षणार्थीच्या डोक्यात गोळी लागली. तो वाचला, परंतु त्याचा एक डोळा गेला. प्रशिक्षक दोषी ठरला.

तिसरी घटना ४ ऑगस्ट २०२२ रोजी वॉशिंग्टन येथील एका सार्वजनिक ग्रंथालयात घडली. तेथील प्रशिक्षण बंदुकीचे नव्हतेच; ते दंडुका वापरण्याचे होते. शिकवणी संपत आली असता, पोलीस दलातून निवृत्त झालेल्या प्रशिक्षकाने सरावाचे समजून स्वतःचे भरलेले पिस्तूल काढले आणि चाप ओढला. ग्रंथालयाच्या सुरक्षा दलातील २५ वर्षांची एक तरुणी मरण पावली.

नियम कोठे अपुरा पडतो?

या तिन्ही घटनांत चूक करणारा माणूस नवशिका नव्हता. शस्त्र हाताळणीचे चार नियम त्यांना ठाऊक असलेच पाहिजेत. अमेरिकेच्या मरीन दलातील माजी अधिकारी जेफ कूपर यांनी रूढ केलेले हे नियम असे : प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असेच समजावे, जे नष्ट करावयाचे नाही, त्यावर नळी रोखू नये, नेम धरल्याखेरीज चापावर बोट ठेवू नये, लक्ष्य आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करून घ्यावी.

अडचण अशी, की प्रसंगनाट्याच्या सरावात यांपैकी दुसरा नियम मुद्दामच बाजूला ठेवावा लागतो. माणसाने माणसावर शस्त्र रोखल्याखेरीज तो सराव होतच नाही. म्हणजे एरवी ज्या सवयीने जीव वाचतो, तिचेच संरक्षण येथे उरत नाही. त्यातच शस्त्र रिकामे आहे हे कोणीतरी पाहिले असेलच, असे प्रत्येकजण गृहीत धरतो आणि प्रत्यक्षात कोणीच पाहिलेले नसते.

म्हणून अशा सरावात व्यक्तीच्या दक्षतेवर विसंबून चालत नाही. जागेचीच व्यवस्था लावावी लागते. सरावाच्या जागेत खरे शस्त्र आणि जिवंत काडतूस येऊच द्यावयाचे नाही, हे तिचे मूळ सूत्र होय. प्रवेशापूर्वी प्रत्येकाची झडती घेतली जाते. प्रशिक्षक आणि पाहुणे म्हणून आलेले वरिष्ठ अधिकारीही त्यास अपवाद नसतात. एकाने तपासलेले दुसरा पुन्हा तपासतो. मध्यंतरात बाहेर गेलेल्याची झडती परत येताना नव्याने होते. सरावाची शस्त्रे निळ्या वा तांबड्या रंगाची, दुरूनही ओळखू येणारी असतात. सरावात भाग न घेणारा एक सुरक्षा अधिकारी नेमला जातो आणि धोका दिसताच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ प्रशिक्षणार्थीलाही असतो.

बिनगोळीचे काडतूसही निरुपद्रवी नसते. त्यातील दारूचा तप्त वायू जवळच्या अंतरावर प्राणघातक ठरतो. १९८४ साली अमेरिकेत एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणस्थळी ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर थट्टेने कानशिलाशी लावून उडविणारा अभिनेता मरण पावला.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रात जानेवारीच्या आरंभी पोलीस स्थापना दिनाच्या निमित्ताने शाळकरी मुलांना पोलिसांच्या शस्त्रांची माहिती देण्यात येते. हा उपक्रम स्वागतार्हच आहे. पोलीस आणि जनता यांच्यातील अंतर त्यामुळे कमी होते. मात्र पुंटा गोर्डा येथील कार्यक्रमही याच सद्‌हेतूने योजला होता, हे विसरता येत नाही. अशा वेळी मांडलेली शस्त्रे कोणी तपासली, दुसऱ्यांदा कोणी तपासली आणि आवारात जिवंत काडतूस कोणाजवळ आहे काय, हे तीन प्रश्न मुख्याध्यापकांनी किंवा सरपंचांनी निःसंकोचपणे विचारावेत. त्यात कोणावरही अविश्वास नाही. शिस्तीच्या अधिकाऱ्याला असा प्रश्न खटकत नाही. त्याचे उत्तर त्याच्यापाशी तयारच असते. उत्तर तयार नसेल, तर कार्यक्रम थोडा उशिराने सुरू झालेला बरा.