जुन्या एमजीबीचा विझणारा ब्रेक लाइट

रात्री साइड लाइट लावलेले आहेत आणि मागचे दोन्ही लाल दिवे नीट दिसत आहेत. ब्रेक दाबला की उजवा दिवा प्रखर होतो, डावा मात्र पार विझतो. ब्रेक सोडला की तो पुन्हा लागतो. एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांना असले चमत्कार नवे नाहीत. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या आणि हौशी मालकांनी त्यांतल्या पुष्कळ आजही चालत्या ठेवल्या आहेत. दिवा असा वागू लागला की आधी बल्ब बदलला जातो, मग ब्रेकचा स्विच, मग अख्खा दिवा. पैसे जातात आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो. माझे म्हणणे असे की, जुन्या गाडीच्या वायरिंगने कोड्यात टाकले तर एकही भाग विकत घेण्याआधी विजेचा परतीचा मार्ग, म्हणजे अर्थ, तपासलाच पाहिजे. आणि तोही दिवा चालू ठेवून, वायरमधून प्रवाह वाहत असताना.

या गाड्यांत दिव्यापर्यंत वीज नेणारी वायर असते, पण बॅटरीकडे परतण्यासाठी वेगळी वायर शेवटपर्यंत नेलेली नसते. ते काम गाडीचा पत्राच करतो. आपल्याकडे कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीतही हीच रचना होती. आता तो डावा दिवा उघडून पाहू. त्याच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, साइड लाइटची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. दोन्हींचे परतीचे टोक एकच, ते म्हणजे बल्बचे धातूचे कवच. ते होल्डरमधून बॉडीशी जोडलेले असते. तिथे गंज चढून जोड तुटला की साइड लाइटची वीज कवचापर्यंत येऊन अडते आणि दुसरी वाट शोधते. ती ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटी वर चढते, हिरव्या-जांभळ्या वायरने उजव्या दिव्याकडे जाते आणि तिथल्या ब्रेकच्या फिलामेंटमधून बॉडीत उतरते. मोठी फिलामेंट थंड असताना तिचा रोध फारच कमी असतो, त्यामुळे डावा साइड लाइट जवळजवळ नेहमीसारखा लागतो आणि कोणाला शंकाही येत नाही. ब्रेक दाबला की त्याच हिरव्या-जांभळ्या वायरवर १२ व्होल्ट येतात. डाव्या बल्बच्या दोन्ही फिलामेंटना वरून १२ व्होल्ट मिळतात आणि कवचाला दुसरी वाट नसल्यामुळे तेही १२ व्होल्टवर चढते. व्होल्टेजमध्ये फरकच उरला नाही, मग प्रवाह वाहणार कसा? दोन्ही फिलामेंट विझतात. बल्ब, स्विच, फ्यूज, सगळे निर्दोष असताना दिवा बंद पडतो तो असा.

मीटर लावून पाहिला, १२ व्होल्ट येताहेत, मग वायरिंग ठीकच आहे, असे यावर हटकून सांगितले जाते. नेमके इथेच फसायला होते. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरा दिसतो. नळ सोडला की धार किती बारीक आहे ते कळते. बल्ब काढून होल्डरमध्ये घेतलेले रीडिंग हे बंद नळाचे रीडिंग असते. मीटरच्या बझरचेही तेच. तो अगदी नाममात्र प्रवाह सोडतो, त्यामुळे २ ओहम रोध असलेला खराब जोडही त्याला चालतो आणि तो खुशाल वाजतो. पण २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. त्याच्या वाटेत ते २ ओहम आले की १२ पैकी अडीच व्होल्टहून जास्त तिथेच खर्च होतात आणि दिवा पिवळट, मलूल दिसतो. सेल्फच्या बाबतीत तर हिशेब फारच कडक आहे. इंजिन फिरवताना तो १५० अँपिअर ओढत असेल, तर ओहमचा शंभरावा हिस्साही दीड व्होल्ट खातो. शिवाय इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी जाड अर्थ पट्टी लागते. ती तुटली किंवा गिअरबॉक्स उतरवल्यावर परत लावायची राहिली, तर तो सगळा प्रवाह चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते, तिच्यातून धूर निघतो, आणि विजेच्या बिघाडासाठी कार्ब्युरेटर उघडला जातो.

दुसरा आक्षेप लुकास कंपनीवर येतो. या गाड्यांचे बहुतेक विजेचे सामान लुकासचे, आणि मोटारप्रेमींनी या कंपनीला ‘अंधाराचा युवराज’ अशी पदवीच देऊन टाकली आहे. सामानच हलके म्हटल्यावर तपासायचे काय, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असे नाही. सुरुवातीच्या एमजीबीत साऱ्या गाडीला मिळून दोनच फ्यूज कामात होते, आणि हेडलाइटला तर फ्यूजच नव्हता. वायरींचे जोड म्हणजे उघड्या रबरी नळीत खुपसलेल्या धातूच्या गोळ्या. पन्नास पावसाळ्यांनंतर त्या हिरव्या पडणारच. पण हा दोष वयाचा आणि ओलाव्याचा आहे, आणि तो घासून काढता येतो. उलट त्याच लुकासने वायरींना नेमून दिलेले रंग, म्हणजे तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली आणि काळी अर्थची, आजही शोध घेणाऱ्याच्या हातात नकाशा देतात. एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नुकत्याच रंगवून नव्यासारख्या केलेल्या गाडीतही हे बिघाड सर्रास आढळतात. अर्थच्या बोल्टखाली सुंदर, जाड रंग बसलेला असतो आणि रंगातून वीज जात नाही.

सगळे वायरिंगच नवे टाकले तर? वायरींचे आवरण जळले असेल किंवा हात लावताच त्याचा भुगा होत असेल, तर दुसरा इलाज नाही, हे मान्य. एरवी नवे वायरिंगही शेवटी त्याच गंजलेल्या पत्र्यावर, त्याच बोल्टने कसले जाते, आणि डॅशबोर्ड खोलण्याची मजुरी भरूनही डावा दिवा ब्रेकबरोबर विझतच राहतो. अधूनमधून येणारा बिघाड मात्र खरोखर चिवट असतो. गाडी गॅरेजमध्ये आणली की तो गायब. तिथेही अंदाजाने भाग बदलण्यापेक्षा मीटर जोडलेला ठेवून, दिवे चालू ठेवून, एकेक जोड हाताने हलवत गेलेले बरे; आकडा ज्या जोडापाशी उडी मारतो तोच गुन्हेगार.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल, तर हे करून पाहा. दिवे लावा आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी बल्बच्या कवचाला टेकवा. आकडा शून्याच्या जवळ हवा; पाव व्होल्टच्या वर गेला तर परतीच्या वाटेत खोट आहे, आणि आपल्या उदाहरणात तो जवळजवळ १२ दिसेल. मग एक लांब वायर कवचापासून बॅटरीच्या त्याच टोकापर्यंत तात्पुरती जोडा. दिवा प्रखर झाला तर बोल्ट काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. या दुरुस्तीला सँडपेपरचा एक तुकडा पुरतो. तो वापरून होईपर्यंत सुट्या भागांच्या दुकानाची पायरी चढू नका.