आजीच्या नावाचे घर

चेन्नईच्या अड्यार भागात ‘अव्वै होम’ आहे. तमिळमध्ये अव्वै म्हणजे आजीसारखी वडीलधारी बाई. प्राचीन कवयित्री अव्वैयार याच नावाने ओळखल्या जातात. निराधार मुलींच्या या घराला आजीचे नाव मिळाले, ते अगदी योग्यच झाले. आजी काही नातीला तिची जात विचारत नाही!

१९३०च्या सुमाराची गोष्ट. देवदासी कुटुंबातल्या काही मुली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या दाराशी आल्या. त्यांना शिकायचे होते, पण जन्मामुळे वसतिगृहांत जागा मिळत नव्हती. डॉक्टरांची आई स्वतः देवदासी समाजातली. ही प्रथा बंद व्हावी म्हणून मद्रास विधान परिषदेत त्यांनी झगडा मांडला होता. कायदा व्हायला १९४७ साल उजाडले. तोवर मुली थांबणार कशा? त्यांना दोन वेळचे जेवण, पाटी-दप्तर आणि अंथरूण त्याच दिवशी हवे होते. डॉक्टरांनी त्यांना आपल्याच घरात ठेवून घेतले. १९३६ मध्ये हा संसार अड्यारला हलला. विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांची आठवण मराठी वाचकाला इथे हमखास होईल.

पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत

कुठलेही बालगृह चालते ते रोजच्या लहानसहान कामांवर. पहाटेची घंटा, आंघोळीची रांग, खोबरेल तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. मग इडली किंवा पोंगल खाऊन शाळा. संध्याकाळी खेळ, अभ्यास. इतक्या डोक्यांना एकट्या ताई कुठून पुरणार? मग थोरली धाकटीची वेणी घालते. २०१६च्या नियमांनुसार दिवसाचे वेळापत्रक मुलांच्या समितीला विचारून ठरवायचे असते आणि सर्वांना दिसेल असे लावायचे असते. मुलांना विचारायचे, हेही कायद्याने सांगावे लागले!

‘अनाथ’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. अशा घरांतल्या पुष्कळ मुलांना आई किंवा वडील असतात. गरिबीने, आजारपणाने त्यांना मूल सांभाळणे जमत नाही. म्हणूनच २०१५चा बालन्याय कायदा संस्थेला शेवटचा उपाय मानतो. मूल शक्यतो कुटुंबातच वाढावे, असे तो सांगतो.

जानेवारीत पोंगलचा सण येतो. कुणाची आई येते, कुणाचा मामा. पिशव्या भरल्या जातात. ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्या मुली अंगणात कोलम काढतात, आणि स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी गोड पोंगलचे भांडे चढते.