पंपावरचा आकडा : त्यांचं ८५, आपलं ९१

या आठवड्यात इथेनॉलवर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते राहू द्या. या सदरातला ऑक्टेनवरचा मागचा भाग वाचून साताऱ्याच्या एका वाचकांनी पत्र पाठवलंय, आणि त्यातला प्रश्न मला सोडवत नाही. त्यांचा मुलगा डेन्व्हरला असतो. तिथल्या पंपावर स्वस्तातल्या पेट्रोलवर ८५ लिहिलेलं, मग ८७, मग ९१. “आपल्याकडे साधंच ९१चं मिळतं. म्हणजे आपलं पेट्रोल अमेरिकेपेक्षा सरस का?”

सरस नाही. मोजपट्टी वेगळी आहे.

ऑक्टेन मोजतात ते खास या कामासाठी बनवलेल्या एका सिलिंडरच्या इंजिनावर. १९२०च्या दशकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा कंपनीनं ते बांधलं, आणि रिफायनऱ्यांच्या प्रयोगशाळांत आजही त्याच घराण्यातली इंजिनं धडधडतात. इंजिन चालू असताना त्याचा सिलिंडर वरखाली करता येतो, म्हणजे कॉम्प्रेशन हवं तेवढं वाढवता येतं. पेट्रोल सोडायचं आणि ठरावीक नॉकिंग, म्हणजे इंजिनातली ठकठक, होईपर्यंत सिलिंडर खाली आणायचा. मग आयसो-ऑक्टेन आणि हेप्टेनची मिश्रणं पाजून बघायची. ९१ टक्के आयसो-ऑक्टेनवालं तेवढंच ठोकलं, की पेट्रोल ९१चं! यात ताकद कुठंच मोजली जात नाही. ठिणगीनं लावलेली ज्योत पोचायच्या आत, दाबानं आपलं आपण पेटायचं नाही, एवढीच परीक्षा.

मेख अशी की ही परीक्षा दोन तऱ्हांनी होते. ‘रिसर्च’ पद्धतीत इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालतं. ‘मोटर’ पद्धतीत ९०० फेऱ्यांवर, शिवाय आत जाणारं मिश्रण जवळपास १५० अंशांपर्यंत तापवलेलं. दुसरी परीक्षा कडक, त्यामुळे तेच पेट्रोल तिथं आठ-दहा गुण कमी मिळवतं. युरोप आणि आपण पहिला आकडा सांगतो, अमेरिका दोन्हींची सरासरी छापते. आपल्या बीएस-६च्या साध्या पेट्रोलला ‘रिसर्च’मध्ये किमान ९१ आणि ‘मोटर’मध्ये किमान ८१ लागतात. सरासरी ८६. त्यांच्या ८७च्या शेजारीच!

आणि ८५? डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर. हवा विरळ, सिलिंडरमध्ये दाब कमी, म्हणून नॉकिंगही कमी. कार्ब्युरेटरच्या जमान्यात तिथं ८५वर भागायचं. आजच्या गाड्या, विशेषतः टर्बोवाल्या, ही सवलत मानत नाहीत. मॅन्युअलमध्ये ८७ लिहिलं असेल तर चिरंजीवांनी उंचीवरही ८७च भरावं.

आपल्याकडची गंमत उलटी. २०२०च्या डिसेंबरात इंडियन ऑइलनं १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं. तेव्हा दिल्लीत त्याचा भाव १६० रुपये लिटर होता, साध्याच्या जवळजवळ दुप्पट. ९१साठी बनवलेल्या हॅचबॅकमध्ये ते ओतून ‘पिकअप वाढला’ म्हणणारे मला भेटतात. मी वाद घालत नाही, पैसे त्यांचे आहेत. टाकीच्या झाकणाच्या आत ९५ लिहिलं असेल, तर मात्र कंजुषी नको. नॉक सेन्सर इंजिन वाचवतो खरा, पण ठिणगी उशिरा टाकून. म्हणजे ॲव्हरेज आणि जोर दोन्ही घटतात.

इथेनॉल मिसळलं की ऑक्टेनचा आकडा चढतो आणि ॲव्हरेज उतरतं. दोन्ही एकदम कसं होतं, ते पुढच्या आठवड्यात.