डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही? लगेच भंगारात टाकू नका!

ब्रिटनमध्ये हॅरोतल्या आमच्या लॉफ्टमधून परवा लग्नाची डीव्हीडी निघाली. यूएसबी ड्राइव्ह लावला, तर कॉम्प्युटरवर त्याचा पत्ताच नाही! बायको म्हणाली, ‘टाक आता.’ म्हटलं, थांब जरा.

आधी ट्रेचं बटण दाबा. ट्रे बाहेर आला तर निदान वीज पोचतेय. मग ड्राइव्ह यूएसबी हबला लावला असेल तर तिथून काढून थेट कॉम्प्युटरला लावा. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअरच देतो आणि डिस्क गरगरायला लागताना तेवढ्यावर भागत नाही. काही ड्राइव्हना दोन तोंडांची केबल येते ती उगाच नाही. माझं घोडं इथंच अडलं होतं.

तरी दिसला नाही तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. विंडोज ड्रायव्हर स्वतःच पुन्हा बसवतं. त्रिकोण हटत नसेल आणि कोड 19 किंवा 39 दिसत असेल, तर बऱ्याचदा जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरनं रजिस्ट्रीत सोडलेल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी नडतात. त्या काढता येतात, पण बॅकअप घेतल्याशिवाय रजिस्ट्रीला हात लावू नका.

ड्राइव्ह दिसतोय, पण भारतातून आणलेला सिनेमा लागत नाही? तो बिघाड नव्हे. डीव्हीडीचा रीजन कोड देशागणिक वेगळा: भारत रीजन 5, ब्रिटन रीजन 2. ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, तेव्हा जपून!

आणि डीव्हीडी एकदा चालली की त्याच दिवशी हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा.