शीव, खाण आणि शेजारगावाची हरकत

मराठी ग्रामजीवनात 'शीव' या शब्दाला केवळ भूमापनाचा अर्थ नाही. संस्कृत 'सीमा' शब्दाशी नाते सांगणारी ही रेषा गावाचा अधिकार जिथे संपतो ते स्थळ दाखविते, तसेच शेजाऱ्याशी संबंध जिथे सुरू होतो तेही दाखविते. विवाहातील सीमांतपूजन हा विधी या दुसऱ्या अर्थाचाच अवशेष होय. खाणीच्या प्रश्नात मात्र शिवेचा पहिला अर्थ तेवढा कायद्याने उचलला व दुसरा सोडून दिला. शेजारच्या हद्दीतील उत्खननाबद्दल एखादी ग्रामपंचायत चिंता व्यक्त करते, तेव्हा तिच्यापुढे उभी राहणारी अडचण मुळात हीच असते.

खाणपट्टा नकाशावर रेखता येतो. तिचे परिणाम तसे रेखता येत नाहीत. उघड्या खाणीत खनिजाच्या कितीतरी पट माती व मुरूम बाहेर काढून त्यांचे ढीग रचावे लागतात. पावसाळ्यात ते ढीग ओहोळांत उतरतात आणि गाळ खालच्या गावच्या भातखाचरांत येऊन बसतो. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली म्हणजे आत साचणारे पाणी सतत उपसावे लागते; त्यामुळे शिवेपलीकडच्या विहिरी आटण्याचा संभव असतो. गोव्यात २०१२ पूर्वीच्या भरभराटीच्या काळात लोहखनिज ट्रकांनी धक्क्यांपर्यंत व तेथून मांडवी-जुवारी नद्यांतील बार्जांनी मुरगाव बंदराकडे जात असे. ज्या गावांत एकही खाण नव्हती, त्या रस्त्याकाठच्या गावांनाही लाल धुळीचा वाटा चुकला नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा कडा ढासळून साचलेले पाणी व चिखल वस्तीत आणि बागायतींत शिरला. त्या परिसरातील कळणा नदी पुढे गोव्याच्या पेडणे तालुक्याकडे जाते. तेव्हा येथे शेजार म्हणजे केवळ शेजारचे गाव नव्हे, शेजारचे राज्यही होय.

या शेजाऱ्याला कायद्यात स्थान कोणते? १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येण्याजोगे २९ विषय आहेत. त्यांत पिण्याचे पाणी व लघुपाटबंधारे आहेत; खाणी नाहीत. म्हणजे विहिरीची जबाबदारी पंचायतीकडे येऊ शकते, परंतु ती विहीर आटविणाऱ्या खाणीवर तिची सत्ता नाही. १९९६ च्या 'पेसा' कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची पूर्वशिफारस आवश्यक ठरविली, ती गौण खनिजांपुरती. लोहखनिज व बॉक्साइट त्या तरतुदीबाहेर राहिले. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने जनसुनावणीची सोय केली. तेथे शेजारगाव बोलू शकते. परंतु बोलणे नोंदले जाणे आणि ते बंधनकारक ठरणे यांत मोठे अंतर आहे.

ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात हा प्रश्न अधिक स्पष्ट झाला. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिलेल्या निर्णयानंतर रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील १२ ग्रामसभा भरल्या आणि सर्व बाराही सभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. या निकालाचा गौरव योग्यच आहे. परंतु त्यापूर्वी एक वाद झाला होता, तो सहसा विसरला जातो: डोंगराशी संबंध असलेल्या अनेक वस्त्यांपैकी बाराच का? केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानेही या मर्यादेला आक्षेप घेतला होता. कौल कोणता लागला याइतकेच, कौल कोणाला विचारला हेही महत्त्वाचे ठरते.

पुढे २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली. त्यांच्या निधीविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनी बाधित क्षेत्र शेजारच्या गावात, जिल्ह्यात, किंबहुना राज्यातही असू शकते असे मान्य केले. ही मान्यता मोलाची आहे. मात्र ती निधीच्या वाटपापुरती आहे. नुकसान सोसताना शेजारी बाधित ठरतो. पट्टा देण्याचा निर्णय होताना तो त्रयस्थच राहतो.

या विसंगतीची खूण प्रशासकीय मराठीतही उमटली आहे. 'हरकत' हा मूळ अरबी शब्द. तेथे त्याचा अर्थ हालचाल असा आहे. मराठीत तो आक्षेपासाठी रुळला. 'ना-हरकत दाखला' ज्या गावाकडून मागितला जातो, त्याच्या मौनालाही किंमत असते. शेजारगावाकडे असा दाखला कोणी मागत नाही; म्हणून त्याची हरकत कितीही खरी असली तरी अर्जाच्या रूपातच उरते. 'ठरणे' या क्रियापदावरून 'ठराव' शब्द आला, पण अशा ग्रामसभेच्या ठरावाने काहीच ठरत नाही. पाण्याचा प्रवाह व धुळीची वाट हेच बाधित गावाचे माप मानून त्या गावाला पट्टा देण्यापूर्वी विचारले जाईल, तेव्हाच शिवेला तिचा दुसरा अर्थ परत मिळेल.